जालन्याचा बहर, लिथुआनियाचा उन्हाळा

जुन्या जालन्यात गांधी चमनजवळ चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, वर्षाचे ऋतू किती? उत्तर येईल तीन : उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. शाळेत सहा पाठ केलेले असतात, पंचांगातही सहाच छापलेले असतात. पण बोलण्यात ते येत नाहीत. ‘औंदा वसंत लवकर लागला’ असं म्हणणारा माणूस मराठवाड्यात तरी भेटायचा नाही. पंचांगाचा वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. त्या दिवसांत जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि लोक त्याला सरळ उन्हाळा म्हणतात. वसंत उरला तो माणसांच्या नावांत, नाट्यगीतांत आणि माघातल्या पंचमीत.

तरीही वसंताचा एक सख्खा नातलग जालन्याच्या शिवारात बारा महिने वावरतो. मोसंबीवाले शेतकरी भेटले की तोच विषय निघतो : कोणता धरला, फुटला का, गळला किती. तो शब्द म्हणजे बहर. आणि या बहराचे चुलते-मावसे थेट रशियात, पोलंडमध्ये, लिथुआनियात निघतात.

आधी जवळचं नातं पाहू. बहर आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत ‘बहार’ म्हणजे वसंत ऋतू, मार्चच्या विशीत नवरोजपाशी सुरू होणारा. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ फुलोरा. इराणात ईडलिंबाच्या जातीच्या आंबट नारिंगाची फुलं वाळवून चहात घालतात, त्यांचा मुरंबाही करतात. त्या फुलांना ‘बहार नारंज’ म्हणतात. म्हणजे लिंबूवर्गीय झाडाच्या फुलाला बहर म्हणण्याची रीत जालन्याची एकट्याची नाही. (नारंज हा शब्द मात्र आपल्याकडून तिकडे गेला, नारंगापासून. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली.)

जालन्यात फारसी शब्दांचं नवल वाटायचं कारण नाही. ज्या चमनमध्ये आपण उभे आहोत तो चमन फारसी, बाग फारसी, बाग गुत्त्याने घेणारा बागवान फारसी, जमीन फारसी, हंगामही फारसी. बहामनी काळापासून दख्खनच्या दरबारांत ही भाषा चालली, आणि निजामाच्या राज्यात आधी फारसी व मग उर्दूतून कारभार झाला तो सप्टेंबर १९४८ पर्यंत. ‘आईन-ए-अकबरी’ लिहिणारा अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आणि पलीकडे कादराबाद, म्हणजे आजचा नवा जालना. या दोन्ही काठांवर मराठी आणि दखनी पिढ्यानपिढ्या एकाच बाजारात बोलल्या गेल्या. शब्द इकडचे तिकडे होणारच.

पण बहार हा वसंताचा नातलग कसा? दोघांच्या तोंडावळ्यात काहीच साम्य दिसत नाही. इथे भाषाशास्त्रातले दोन साधे नियम कामाला येतात, आणि दोन्ही आपल्या रोजच्या मराठीत तपासून बघता येतात.

पहिला : संस्कृतात जिथे ‘स’ तिथे इराणी भाषांत पुष्कळदा ‘ह’. आपण सप्ताह म्हणतो आणि हप्ताही म्हणतो. सहस्र म्हणतो आणि हजारही म्हणतो. प्रत्येक जोडीतला पहिला संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून, आणि दोघे मुळात एकच. सिंधूचा हिंदू झाला तोही याच वाटेने. दुसरा नियम : जुन्या इराणीत शब्दाच्या आरंभी असलेला ‘व’ अर्वाचीन फारसीत ‘ब’ होतो. वाऱ्याला संस्कृतात वात, फारसीत बाद. विसाला संस्कृतात विंशति, फारसीत बीस्त. आता उलटं चाला. बहारमधल्या ‘ब’च्या जागी ‘व’ ठेवा, ‘ह’च्या जागी ‘स’. ‘वसार’ असं काहीतरी हाती लागतं. वसंताचा ‘वस’ तर दिसू लागला.

ही नुसती कागदावरची करामत नाही. मधला टप्पा दगडावर कोरलेला सापडतो. पश्चिम इराणात बेहिस्तून इथे सम्राट दारयवहू पहिला याने इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास डोंगराच्या उभ्या कड्यावर तीन भाषांत एक प्रचंड लेख कोरून घेतला. त्यातल्या जुन्या फारसी मजकुरात लढायांच्या तारखा देताना एका महिन्याचं नाव येतं : ‘थूरवाहर’. जोमदार वसंताचा महिना, असा त्याचा अर्थ लावतात. यातला ‘वाहर’ म्हणजेच पुढच्या काळातल्या मध्य फारसीतला ‘वहार’, आणि तोच आजचा ‘बहार’. जालन्याच्या बहराची वंशावळ अशी अडीच हजार वर्षं लेखी मिळते. मराठीतल्या फार थोड्या शब्दांच्या नशिबी एवढं भाग्य आहे.

मात्र एक अडचण उरते. वसंतात ‘न’ आहे, बहारमध्ये ‘र’ आहे. एकाच मुळापासून दोघे आले तर हा फरक कुठला?

याचं उत्तर इराणात किंवा भारतात राहून नीट देता येत नाही. त्यासाठी बाल्टिक समुद्राकडे जावं लागतं. लिथुआनियन आणि लात्वियन या बाल्टिक भाषा. रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन वगैरे स्लाव्ह भाषा. दोन्ही गट एकमेकांना इतके जवळचे आहेत की त्यांची मधली एक समाईक आई, बाल्टो-स्लाव्हिक, होती असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात. रशियनमध्ये वसंताला ‘वेस्ना’ म्हणतात, पोलिशमध्ये ‘व्योस्ना’. इथे ‘न’. लिथुआनियन आणि लात्वियनमध्ये शब्द आहे ‘वासरा’. इथे ‘र’. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाने ‘न’ घेतला, दुसऱ्याने ‘र’.

आणखी बाहेर नजर टाकली तरी हीच विभागणी. लॅटिनमध्ये वसंत म्हणजे ‘वेर’, होमरच्या ग्रीकात ‘एआर’, आर्मेनियनमध्ये ‘गारुन’ (या भाषेत आरंभीचा जुना ‘व’ ‘ग’ होतो), जुन्या नॉर्समध्ये ‘वार’. ही सगळी ‘र’वाली मंडळी. संस्कृत आणि स्लाव्ह ‘न’वाल्या बाजूला.

कोडं सुटतं ते एका जुन्या व्याकरणी सवयीमुळे. मूळ इंडो-युरोपीय भाषेत काही नामं अशी होती की कर्त्याच्या रूपात त्यांच्या शेवटी ‘र’ यायचा आणि बाकीच्या विभक्तींत ‘न’. संस्कृत शिकलेल्याला हे लगेच पटेल, कारण ‘दिवस’ या अर्थाचा अहन् शब्द अगदी असाच वागतो. अहर्निशमध्ये ‘र’ आहे, मध्याह्नात ‘न’ आहे, आणि दोन्हीकडे दिवस तोच. आजच्या तुर्कस्तानात एकेकाळी बोलल्या जाणाऱ्या हित्ताइत भाषेत पाण्याचा शब्द ‘वातर’, पण ‘पाण्याचा’ म्हणायचं तर ‘वितेनस’. १९१५ मध्ये चेक विद्वान बेद्रिख ह्रोझ्नी याने ती हरवलेली भाषा उलगडली तेव्हा हा ‘वातर’ त्याला पहिल्या धाग्यांपैकी एक म्हणून सापडला होता.

वसंताचा मूळ शब्दही याच जातीचा. भाषाशास्त्रज्ञ तो *वेसर्, आणि इतर विभक्तींत *वेसन्-, असा मांडतात. शब्दाआधीची ती चांदणी म्हणजे कबुली आहे : हे रूप कुठल्याही दगडावर, ताडपत्रावर, कागदावर मिळालेलं नाही, लेकीबाळींच्या चेहऱ्यांवरून आईचं चित्र काढलं आहे. चांदणीची ही प्रथा रुळवली जर्मन पंडित आउगुस्ट श्लायखर याने. त्याने १८५० च्या दशकात पूर्व प्रशियातल्या लिथुआनियन खेड्यांत जाऊन लोकांच्या तोंडची भाषा टिपली आणि तिचं व्याकरण लिहिलं, ते लिथुआनियन इतकी जुनी रूपं सांभाळून आहे म्हणूनच.

माझ्या मते या सगळ्यातली खरी महत्त्वाची गोष्ट इथे आहे. बाल्टिकने ‘र’ निवडला आणि स्लाव्हने ‘न’, याचा अर्थ त्यांच्या समाईक आईच्या तोंडी दोन्ही रूपं जिवंत होती. तिने आधीच एक टाकून दिलं असतं तर लेकींना निवड करताच आली नसती. एका ऋतूच्या नावावरून एका न लिहिलेल्या भाषेच्या व्याकरणातलं एक पान वाचता येतं ते असं. सगळं मात्र काटेकोर जुळत नाही. लिथुआनियन वासरातला पहिला स्वर नियमाने ‘ए’ असायला हवा. तो पुढच्या स्वरांच्या ओढीने ‘अ’ झाला असं स्पष्टीकरण देतात. पटण्यासारखं आहे, पण ते स्पष्टीकरण आहे, नियम नव्हे.

आता साम्याच्या सापळ्याविषयी. लिथुआनियन ‘वासरा’ ऐकून मराठी माणसाला गोठ्यातलं वासरू आठवणार. त्यांचा काडीचा संबंध नाही. वासरू आलं वत्सावरून, आणि वत्साचं नातं ‘वर्ष’ या अर्थाच्या दुसऱ्याच एका मुळाशी लागतं, ज्याच्यावरून संवत्सर आला. वत्स म्हणजे मुळात वर्षभराचं जनावर. दुसरा सापळा जास्त मोहक आहे. वसंत आणि उषा एकाच ‘उजळणे’ या धातूवरून आले, वर्षाची पहाट म्हणजे वसंत, अशी जोडणी पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. वाचायला गोड आहे. पण ग्रीकात पहाटेच्या शब्दाच्या आरंभी एक जादा स्वर आहे, तिथे एकेकाळी असलेल्या आणि पुढे लोपलेल्या कंठ्य ध्वनीची ती खूण; वसंताच्या ‘एआर’मध्ये तशी खूण नाही. तेवढ्यावरून हे नातं डळमळतं. परंपरेने वसंताची व्युत्पत्ती वस्, म्हणजे राहणे, या धातूकडे नेली; तीही अर्थाच्या सोयीने. शब्दांच्या बाबतीत ऐकायला छान वाटणाऱ्या गोष्टीवर थोडा संशय ठेवलेला बरा.

ध्वनींचं झालं, अर्थाचं काय? रशियात वेस्ना वसंतच राहिली. लिथुआनियात मात्र ‘वासरा’ म्हणजे उन्हाळा! वसंताला त्यांनी त्याच्यावरूनच ‘पावासारिस’ असा नवा शब्द बनवला. उन्हाळ्याच्या उंबरठ्यावरचा काळ म्हणावा तसा. चेकमध्ये ‘वेस्ना’ कवितेपुरती उरली, रोजच्या बोलण्यात वसंताला ‘यारो’. या शब्दाला पाय फुटले ते फुटलेच.

याच्या उलट हिवाळ्याचा शब्द. तो जागचा हलला नाही. लिथुआनियन ‘झिएमा’, लात्वियन ‘झिएमा’, रशियन-पोलिश-चेक ‘झिमा’, फारसी ‘झमिस्तान’, लॅटिन ‘हिएम्स’, संस्कृत हिम आणि हेमंत : सगळीकडे थंडीच. आणि आपला हिवाळा त्याच पंगतीत बसतो. हिमकाल या समासातून तो कसा घडला ते मराठीच्या ओट्यावरच बघता येतं. दोन स्वरांमधला ‘म’ मराठीत ‘व’ होतो : ग्रामचं गाव, नामचं नाव, कोमलचं कोवळं, आमलकाचा आवळा. म्हणून हिमचं हिव. दोन स्वरांमधला ‘क’ गळतो : कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार. म्हणून कालचा झाला ‘आल’, आणि त्या ‘ल’चा मराठी ‘ळ’. उष्णकालाचा उन्हाळाही तसाच. अर्थसुद्धा दूरवर एकसारखे वागले. चेक माणसाला थंडी वाजली की तो ‘झिमा’ झाल्याचं सांगतो, ऋतूचं नाव अंगातल्या शिरशिरीला देतो. आपण हिव भरलं म्हणतो, आणि त्या तापाला हिवताप.

थंडीचा शब्द टिकला आणि वसंताचा भटकला, याचं एक कारण मला असं दिसतं की थंडी निभावून न्यावी लागे. ऋग्वेदात आयुष्य मागताना शंभर हिवाळे मागितले आहेत, आणि लॅटिनमध्ये दोन वर्षांच्या जनावराला ‘बीमुस’, म्हणजे दोन हिवाळ्यांचं, म्हणत. पुढे भारतात तो मान पावसाकडे गेला; पावसाच्या वर्षावरूनच आपण वर्षं मोजतो. रशियन मात्र वर्षांची गणती उन्हाळ्यांवर करतो : ‘पाच वर्षं’ हे तो ‘पाच उन्हाळे’ असंच म्हणतो. वसंताला हा मान कुणी फारसा दिलेला नाही.

जालन्यात तर वसंताचे दोन परदेशी शब्द आले आणि दोघांनीही ऋतूचं काम सोडलं. पहिला रब्बी. अरबीत ‘रबी’ म्हणजे वसंत, ‘खरीफ’ म्हणजे शरद. पीक निघण्याच्या, आणि सरकारच्या बाजूने पाहिलं तर वसुलीच्या, वेळेवरून ही नावं पडली. म्हणून दिवाळीनंतर पेरलेल्या गव्हा-हरभऱ्याला आपण वसंताचं नाव देतो. मराठ्यांच्या मोडी कागदांत ‘रबिलावल’ हा महिना येतो, तोही शब्दशः पहिला वसंत. चांद्र वर्षामुळे तो भर पावसात किंवा कडाक्याच्या थंडीतही पडतो. दुसरा शब्द बहर, आणि त्याची कहाणी सगळ्यांत विलक्षण.

मोसंबीचं झाड आपल्या मनाने वर्षात थोडं थोडं केव्हाही फुलतं. दख्खनच्या हवेत त्याचे फुलण्याचे तीन मोठे झोत मानतात. जानेवारी-फेब्रुवारीतला आंबे बहर, कारण तेव्हा आंब्याला मोहोर असतो. जून-जुलैतला मृग बहर. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला हस्त बहर. पहिल्याला झाडाचं नाव, पुढच्या दोघांना नक्षत्रांची. मृग बहर म्हणजे अक्षरशः पावसाळ्याच्या तोंडचा वसंत. हा शब्द बेहिस्तूनच्या लेखनिकाला दाखवला असता तर तो चक्रावून गेला असता.

तिन्ही बहर घ्यायचे ठरवले तर झाड खचतं. म्हणून शेतकरी एकच धरतो, आणि धरतो म्हणजे खरोखर धरून आणतो. आंबे बहरासाठी साधारण डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. बाग ताणावर सोडली, असा बोलण्यातला प्रयोग. हलक्या रानात महिना-सव्वा महिना, भारी काळ्या रानात त्याहून जास्त. पानं आधी दुपारची मलूल होतात, मग पिवळी पडून गळू लागतात. बाहेरच्या माणसाला वाटावं, बाग गेली. आत मात्र वेगळंच चाललेलं असतं. वाढ थांबल्यामुळे पालवीवर खर्च व्हायची साखर आणि पिष्ट फांद्यांत साठत जातं, आणि कोरड व थंडी मिळून डोळ्यांना पालवीऐवजी कळीकडे वळवतात. याच काळात वाळलेल्या काड्या, म्हणजे सल, छाटतात, आळी खणून शेणखत आणि खतं घालतात. मग ताण तोडायचा. पहिलं पाणी बेताचं. त्याला आंबवणी म्हणतात. काही दिवसांनी दुसरं, जरा जास्त, ते चिंबवणी. एकदम भरपूर पाणी दिलं तर झाड पालवीवर जातं आणि फूल राहतं बाजूला. सगळं जमलं तर तीन-चार आठवड्यांत बाग पांढरी होते, आणि बदनापूर-अंबडकडच्या शिवारातून जाताना रस्त्यावरही तो वास येतो.

ताण कमी पडला तर बहर विरळ, जास्त झाला तर झाडच वाळतं. ठिबक बंद करणं सोपं. पण कुठे थांबायचं हे पानाकडे बघून ठरवावं लागतं. मृग बहराला तर हिशेब मेघांच्या हाती. मे महिन्यात ताण चालू असताना वळवाचा मोठा पाऊस झाला की ताण अवेळी तुटतो. मृग कोरडा गेला तर ताण लांबतो, आणि विहिरीत पाणी नसेल तर तो तोडायचा कशाने हा प्रश्न. तरी मृग बहराच्या मागे लोक लागतात, कारण त्याची फळं उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतात आणि रसवंत्यांच्या दिवसांत भाव चांगला मिळतो. आंबे बहराचा माल पावसाळा सरताना एकदम बाजारात येतो.

मोसंबी हे फळही बाहेरचंच. त्याचं नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून पडलं. पण ते इथल्या मातीत इतकं रुजलं की जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या तीन-चार वर्षं आधी, २०१२-१३ च्या दुष्काळात, जिल्ह्यातल्या कितीतरी बागा जळाल्या. टँकरचं पाणी विकत घेऊन लोकांनी बुंध्यांवर ओतलं. ज्यांना तेही परवडलं नाही त्यांनी फांद्या छाटून नुसती खोडं जगवायचा प्रयत्न केला, आणि काहींनी शेवटी कुऱ्हाड लावली. त्या वर्षी बहर धरायचा प्रश्नच नव्हता. झाडं टिकली तरी पुष्कळ होतं. वाचलेल्या बागांना पुन्हा फळावर यायला पुढचे एक-दोन हंगाम लागले, आणि ज्यांनी नव्याने कलमं लावली त्यांना पहिला बहर धरायला पाच-सहा वर्षं थांबावं लागलं.